एकसष्ट ते एकोणसत्तर

गेल्या वर्षी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मला गृहपाठ मिळाला. देणारी माझीच जुनी विद्यार्थिनी, 1998 च्या दहावी 'ब'ची, खिडकीपाशी बसून पेन्सिलीचं टोक चावणारी. आता ती मिरजेत दातांची डॉक्टर आहे. तिनं माझ्या तोंडात नवी कवळी बसवली, हातात आरसा दिला आणि म्हणाली, "बाई, रोज सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभं राहून एकसष्ट ते एकोणसत्तर मोठ्यानं म्हणायचं. दहा-दहा वेळा. मनातल्या मनात म्हटलेलं चालणार नाही." हे शेवटचं वाक्य माझं. एकतीस वर्षं मी ते मुलांना ऐकवलं होतं. ते असं व्याजासकट परत येईल असं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहिले. एकशश्ट. बाशश्ट. त्रेशश्ट. चौसष्टला खालची कवळी उचलली गेली, पासष्टला आरशावर तुषार उडाले, आणि बाहेरून ह्यांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'साठ एक, साठ दोन' अशी जोडाक्षरं टाळणारी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा मी निवृत्त असूनही चार जणींना फोन करून नाक मुरडलं होतं. एकसष्ट म्हणायला मुलांना काय धाड भरलीय, असं काहीतरी म्हणाले होते. ते शब्द मागे घेते.

त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं म्हणून दंत्य. दरवर्षी फळ्यावर लिहायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची, मी बरोबरची खूण करायचे. त्यात प्रत्यक्ष दातांचा संबंध कुणालाच आठवत नसे. मराठीत भर म्हणून च, ज, झ यांची दोन-दोन रूपं. 'चार' हा आकडा, आणि गुरांना गवत 'चार' म्हटलं तर तेही चारच. लिहायला एक, बोलताना जीभ दोन निराळ्या जागी. माझा वर्गातला आवडता दाखला 'जरा' हा होता. 'जरा थांब' यातला ज दातांजवळचा, आणि जरा म्हणजे म्हातारपण, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, त्यातला ज टाळूचा. तोंडात दात नसले की पहिला ज दुसऱ्याकडे घसरतो. 'जरा पाणी द्या' म्हणायला जावं, तर तोंडातून म्हातारपण बाहेर पडतं. हे मला वर्गात असताना सुचलं नाही. दात होते तेव्हा.

दात गेले कसे, यात सांगण्यासारखं फार नाही. पंचावन्नाव्या वर्षी साखर निघाली, पण हिरड्यांतून रक्त त्याच्या आधीपासून यायचं. दात घासले की पांढऱ्या बेसिनमध्ये गुलाबी रेघ उमटायची, ती मी तांब्याभर पाण्यानं घालवून टाकायचे. पायरिया म्हणतात तो हाच. दात किडत नाही, दुखत नाही, त्याच्या खालची जमीन तेवढी सरकत जाते. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहून मी हे होऊ दिलं, कारण दुखत नव्हतं. एक दाढ शेंगदाण्यानं हलली, पुढचा एक पेरूच्या फोडीत राहिला. शेवटी आठ उरले, त्यातले पाच जिभेनं ढकलले तरी डुलायचे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, या म्हणीचा दुसरा अर्धा माझ्या वाट्याला आला होता. फुटाण्यांचा डबा भरलेला होता.

पण डॉक्टर 'आता पूर्ण कवळीच करू' असं म्हणत असताना दोन वर्षं मी टाळत राहिले, त्याचं कारण दुसरं होतं. आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. 1981 मध्ये लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या, आणि दात वरखाली सगळेच नकली. तरुणपणापासून मिश्रीची सवय. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांवर घोळत बसायचं; पहाटे एकदा, दुपारी एकदा, आणि कुणाचा राग आला की आणखी एकदा. मिश्रीनं दात घट्ट होतात ही त्यांची पक्की समजूत होती. सगळे दात पडल्यावरही ती ढळली नाही. त्यांची कवळी मी बावीस वर्षांत एकदाही तोंडाबाहेर पाहिली नाही. मामंजींनीही पाहिली नसावी. पहाटे कुणी उठायच्या आत त्या मागच्या मोरीत जायच्या, कडी लावायच्या, नळ मोठा सोडायच्या. बाहेर यायच्या त्या तोंड भरलेल्या. रात्री झोपतानाही ती तोंडातच. घरात 'कवळी' हा शब्दच निघत नसे. 'आत्याबाईंना कडक चालत नाही' एवढंच म्हणायचं आणि त्यांच्यापुरते शेंगदाणे खलबत्त्यात कुटून बाजूला ठेवायचे.

खालची कवळी सैल झाली होती. बोलताना टक टक वाजायची. जेवताना त्या हनुवटीला डावा हात लावून बसायच्या, काहीतरी विचारात असल्यासारख्या. तो हात कवळी उडू नये म्हणून होता, हे मला माझा स्वतःचा हात तिथे गेला तेव्हा कळलं.

2003 च्या पावसाळ्यात त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आली आणि पाच खाटांच्या वॉर्डात खणखणीत म्हणाली, "आजी, दात काढून द्या." ते काढावेच लागतात. भूल दिल्यावर कवळी सुटून घशात जाऊ शकते. सिस्टरचं काही चुकलं नव्हतं, आवाज तेवढा मोठा होता. आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढला. पदराआड थोडा वेळ हालचाल झाली, आणि मग त्यांची मूठ बाहेर आली, माझ्या दिशेनं.

मी हात पुढे केला नाही. खाटेवर वर्तमानपत्र होतं, त्याचा तुकडा फाडून पुढे केला, आणि त्यांनी मूठ त्यात उघडली. ओलं, पिवळट, कडांना मिश्रीचा काळा रंग चढलेलं. मी धड न बघता पुडी बांधली आणि खिडकीच्या कट्ट्यावर डब्यांशेजारी ठेवून दिली. दुपारी झाडणाऱ्या मावशींनी कट्टा साफ केला. शेंगांच्या फोलपटांची पुडी वाटली असणार त्यांना. संध्याकाळी मी कचऱ्याचे दोन डबे उपसले. सापडली नाही.

त्यानंतर आत्याबाई चौदा महिने होत्या. नवी करू म्हटलं की म्हणायच्या, "आता किती दिवस ऱ्हायल्यात? कशाला पैसं घालवता?" पाहुणे आले की पदर नाकापर्यंत यायचा. चेहरा खालून दुमडल्यासारखा झाला होता, नाक आणि हनुवटी एकमेकांच्या जवळ आली होती. पडल्या पडल्या मला हाक मारायच्या, "ज्यरा उठव गं मला." मी मराठीची बाई. तो ज मला ऐकू यायचा.

तर माझे उरलेले आठ दात वैशाखात निघाले, साखर बघत बघत, तीन खेपांत. मग हिरड्या भरून येईपर्यंत तीनेक महिने थांबायचं होतं. दात काढल्याबरोबर बसवता येते अशीही कवळी असते, पण पहिल्या काही महिन्यांत हिरडी आणि खालचं हाड भराभर आक्रसतं, त्यामुळे ती लवकर ढिली पडते. "तुम्हाला घाई आहे का बाई, कुठं जायची?" नव्हती. कोविडच्या दिवसांतले मास्क कपाटात पडून होते. ते लावून मंडईत जाऊ लागले. आठवड्याभरानं लक्षात आलं की हा माझा पदर आहे.

खायला मऊ भात, पिठलं, शेवयांची खीर, आमटीत कुस्करलेली शाळूची भाकरी. खलबत्ता माळ्यावरून खाली आला. आत्याबाईंचाच.

बोलायची चोरी असल्यामुळे त्या तीन महिन्यांत वाचन भरपूर झालं, आणि त्यात एक जुना उलगडा झाला. माझ्या माहेरी आजोबांची कवळी त्यांच्या मागे ट्रंकेत राहिली होती. विटकरी-तपकिरी, जड, वर चिनीमातीचे दात बसवलेले. हलवली की कपबशीसारखी वाजायची. आम्ही मुलं तिला लाकडाची समजायचो. ते रबर होतं. रबरात गंधक घालून तापवलं की ते कडक होतं, त्याला व्हल्कनाइट म्हणत. एकोणिसाव्या शतकात ते आलं आणि हस्तिदंत किंवा सोनं न परवडणाऱ्या माणसालाही मापाची कवळी मिळू लागली. अमेरिकेत 1864 मध्ये व्हल्कनाइटच्या कवळीचं पेटंट निघालं, ते गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीकडे गेलं, आणि कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे आणि वर कवळीमागे हिस्सा मागू लागली. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव फिरून पैसे न देणाऱ्यांवर खटले भरायचा. 1879 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चॅलफंट नावाच्या दंतवैद्यानं त्याला गोळी घातली. आजोबांच्या ट्रंकेतल्या त्या वस्तूमागे खून होता, हे कळल्यावर मला उगाचच आजोबांचा अभिमान वाटला. 1930 च्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक आलं, हिरडीसारखं गुलाबी, हलकं, आणि रबर मागे पडलं. माझी कवळी ॲक्रिलिकची आहे.

माप घेणं हा प्रकार सगळ्यांनी एकदा अनुभवावा असं म्हणणार नाही. पत्र्याच्या ट्रेमध्ये गार, लिबलिबीत लगदा भरून तो वरच्या जबड्यावर दाबतात. घशाशी येतं. "नाकानं श्वास घ्या बाई, पायाचे अंगठे हलवा." अंगठे कशाला ते विचारायची सोय नव्हती, पण हलवले आणि ओकारी थांबली. लक्ष तिकडे जातं म्हणून, असं तिनं नंतर सांगितलं. पुढच्या खेपेला माझ्या तोंडाच्या मापाचा खास ट्रे आणि त्यात लवंगेच्या तेलाचा वास येणारी लुकण. ती घट्ट होईस्तोवर ओठ पुढे कर, गाल ओढ, जीभ बाहेर काढ. गालाचे स्नायू कुठवर हलतात ते कडांवर उमटावं लागतं, नाहीतर बोलताना तेच स्नायू कवळी उचलतात. मग मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून वरचा जबडा आणि खालचा जबडा एकमेकांना कुठे भेटतात ते ठरवायचं. "गिळा. आता तसंच मिटा." दात कुठे मिटतात हे मी आयुष्यात कधी ठरवलं नव्हतं. त्या दिवशी ते आठेक वेळा ठरवलं आणि आठही वेळा वेगळं आलं.

मग रंग. एका पट्टीवर दातांचे नमुने, पांढऱ्यापासून पिवळट-करड्यापर्यंत. मी अर्थातच पांढऱ्यावर बोट ठेवलं. ती काही बोलली नाही. पर्समधून एक फोटो काढला: 1997 च्या स्नेहसंमेलनातला, शिक्षकांचा. त्यात मी हसतेय. पुढच्या दोन दातांत फट, डावीकडचा सुळा किंचित पुढे आलेला. "आम्ही तुमच्या त्या फटीकडं बघून तुम्ही चिडलाय की नाही ते ओळखायचो," ती म्हणाली. पिवळट रंग घेतला. फट अगदी तेवढी नाही, पण ठेवली. मेणात दात रोवलेली कच्ची कवळी तोंडात घालून ह्यांना दाखवली तेव्हा ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "ही तर तूच आहेस." एवढंच. ह्यांच्या मानानं हे पुष्कळ.

आणि एक गोष्ट मी मागून घेतली. आतल्या बाजूला, गालाकडे, माझ्या नावाची बारीक चिठ्ठी ॲक्रिलिकच्या पातळ थराखाली बसवून. लॅबवाले करून देतात, सांगावं लागतं. का हवी, हे मी तिला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी तोंडात अख्खा डिंकाचा लाडू कोंबल्यासारखं वाटलं. आलेली वस्तू खाण्याची आहे अशी तोंडाची समजूत, त्यामुळे तोंडाला पाणी सुटलं ते चार दिवस थांबेना. वरची कवळी मात्र लगेच रुळली. तिला टाळूचा आधार. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सुटत नाहीत, तशी लाळेच्या पातळ थरानं ती वर धरून राहते. भांडण खालच्या कवळीशी. ती घोड्याच्या नालेसारखी, मध्ये जीभ. त्यात खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा कितीतरी भराभर झिजतं, डॉक्टरच्या भाषेत जवळजवळ चौपट. म्हणून बहुतेक म्हाताऱ्या माणसांची तक्रार खालच्या कवळीची असते. पुढच्या दातांनी काही तोडायला गेलं की मागची बाजू उचलते. एका बाजूनं चावलं की दुसरी उचलते. तेव्हा घास अर्धा-अर्धा करून दोन्ही बाजूंना ठेवायचा आणि एकदम चावायचं. हे इथे लिहिलंय तितकं सोपं नाही. घास दोन्हीकडे पोचेपर्यंत मंडळींचं ताक पिऊन व्हायचं. चहा गरम आहे की नाही ते टाळूला कळेनासं झालं, ते थेट घशाला कळायचं, तेही उशिरा.

तिसऱ्या दिवशी टोचायला लागलं. उजवीकडे, खाली, जिभेच्या बाजूला. मला वाटलं काढून ठेवावी आणि जखम बरी झाली की डॉक्टरकडे जावं. हे नेमकं उलटं आहे. जायच्या आधी काही तास घालून जायची, म्हणजे लाल झालेली जागा दिसते. तिथे ती खूण करते, कवळी घालून काढली की खूण ॲक्रिलिकवर उमटते, आणि तेवढाच भाग ती घासते. जेमतेम केसाएवढा. परत घालायची, निळा कागद चावायचा, टक टक टक, परत थोडं घासायचं.

मिरजेत राहणाऱ्या माणसाला हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटणारच. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढतात ते मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे. घोडीवर तारा टेकतात तो पृष्ठभाग कानशीनं घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. जास्त घासलं तर आवाज मरतो, कमी घासलं तर घुमत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले, पण जवारी काढताना कारागिराचं तोंड कसं होतं ते कुठल्या प्रमाणपत्रात येणार? कान तारेकडे आणि डोळे कुठेच नाहीत. माझ्या डॉक्टरचं तोंड निळा कागद बघताना तसंच होतं. सहा वेळा जवारी काढली माझी. ज्यांना दोनदा टोचल्यावर 'आपल्याला नाही जमत' म्हणून कवळी कपाटात ठेवताना मी पाहिलं आहे, ते सगळे तंबोरा जवारी न काढता वाजवायला बसले होते.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींची तशीच गोष्ट. त्यांना एका शिबिरात कवळी मिळाली, फुकट. आठ दिवसांत हिरडीला फोड आला. शिबिराचा मांडव केव्हाच उठलेला. तेव्हापासून कवळी कोनाड्यात, देवांच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी. ॲक्रिलिक कोरडं राहिलं की आकार बदलतो. मी त्यांना माझ्या डॉक्टरकडे घेऊन गेले, पण तोवर त्यांची कवळी त्यांची राहिली नव्हती. 2017 मध्ये सुरू झालेल्या, केंद्र सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या जोडीला कवळीही आहे, हे वाचून मला बरं वाटलं होतं. पण काठी दिली की दिली. कवळी देणं हे अनेक खेपांचं काम आहे, आणि त्यातल्या निम्म्या खेपा ती हातात पडल्यानंतरच्या. हे कुठेही, कुणीही कवळ्या वाटणार असेल त्यानं आधी धरून चालावं.

डॉक्टरनं दुसरा पर्यायही सांगितला होता. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे टायटॅनियमचे खिळे. टायटॅनियम आणि हाड एकजीव होतात, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि 1965 मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात वापरलं. त्या खिळ्यांवर कवळी टिचबटणासारखी बसते. पोलक्याचं टिचबटण लावावं तसा आवाजही येतो म्हणे. साखर काबूत राहिली आणि पेन्शनमधून जमलं तर बघू.

गृहपाठ चालू होता. तिसऱ्या आठवड्यात 'स' परत आला, आधी शब्दाच्या शेवटी, मग सुरुवातीला. ह्यांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. अग्रलेखापेक्षा छोट्या जाहिराती बऱ्या, त्यात 'सुस्थितीतील सायकल' वगैरे असतं. महिन्याभरात ज पण दातांजवळ आला. खालची कवळी जिभेनं धरायची असते, हाताने नाही, हे जिभेला एके दिवशी आपोआप उमगलं, सायकल शिकताना मागून धरणारा हात कधी सुटला ते कळत नाही तसं.

संक्रांतीला मात्र फजिती झाली. पाच घरी तिळगूळ घेतला. एकच तीळ खालच्या कवळीच्या आत गेला. एक तीळ! देवाच्या दारात उभी राहून गोड बोला म्हणतेय आणि डोळ्यांत पाणी. वाळूच्या कणावर कुणी उभं राहून उड्या माराव्यात तसं. तेव्हापासून तीळ, खसखस, अंजीर, वांग्याच्या बिया यांच्याशी मी जपून असते, आणि बाहेर जेवायला गेलं की हात धुवायच्या निमित्तानं उठून कवळी धुऊन येते. भडंग खाते. खालचे शेंगदाणे ह्यांना देते. नैसर्गिक दातांच्या जेमतेम पाव जोरानं चावता येतं, त्यात भडंग बसतं.

आता रात्रीचं. साडेनऊला बेसिनमध्ये जुना टॉवेल अंथरते. कवळी हातातून निसटते, साबणाच्या हातातून तर हमखास, आणि चिनीमातीवर आपटली की दोन तुकडे. आधी नळाखाली धरते, मग मऊ ब्रश आणि साधा हात धुवायचा पातळ साबण. टूथपेस्ट नाही, तिच्यात घासणारी भुकटी असते, तिनं ॲक्रिलिकवर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत डाग आणि जंतू मुरतात. आतली बाजू, जी हिरडीवर बसते, ती जास्त वेळ. गरम पाणी नाही. माझ्या मोठ्या दिरांनी त्यांची कवळी नातवाच्या दुधाच्या बाटलीबरोबर उकळली होती, निर्जंतुक म्हणून. निर्जंतुक झाली, तोंडात मात्र गेली नाही. मग हिरड्यांवरून, टाळूवरून, जिभेवरून ओलं मऊ फडकं फिरवायचं. शेवटी कवळी गार पाण्याच्या डबीत. आठवड्यातून एक-दोनदा त्यात फसफसणारी गोळी टाकते, सकाळी खळखळून धुते. आणि रात्र कवळीशिवाय.

हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. डॉक्टरनं मला मोबाइलवर एका टाळूचा फोटो दाखवला, दुसऱ्या कुणाच्या तरी. मऊ गुलाबी टाळूवर लालभडक ठसा, कडा रेखून काढाव्यात तशा, हुबेहूब कवळीच्या आकाराचा. दिवसरात्र कवळी तोंडात राहिली की खाली हवा आणि लाळ पोचत नाही आणि कँडिडा नावाची बुरशी माजते. बऱ्याचदा दुखतही नाही. ओठांचे कोपरे तेवढे चिरत राहतात. आत्याबाईंच्या ओठांचे कोपरे बारा महिने चिरलेले असायचे. आम्ही त्यावर लोणी लावायला द्यायचो आणि 'उष्णता झालीय' म्हणायचो.

बावीस वर्षं. एकदा तरी 'रात्री काढून ठेवत जा, मी डबी देते' असं त्या घरात कुणी म्हणालं असतं तर. पण ते म्हणायला आधी तो शब्द घरात उच्चारावा लागला असता. माझी डबी स्टीलची आहे, झाकणाला बांगडीचा डाग पडलेला, आणि ती बेसिनच्या वरच्या फळीवर उघड्यावर असते, ह्यांच्या दाढीच्या सामानाशेजारी. पहिल्या रात्री दिवा घालवल्यावरच कवळी काढली. ह्यांच्याकडे पाठ करून झोपले. अंधारातून हे म्हणाले, "मी पण चष्मा काढलाय."

यंदाच्या आषाढात पित्ताशयातले खडे काढायला मला दवाखान्यात ठेवलं. हे बाहेर बिलाच्या रांगेत, मुलगा पुण्याहून निघालेला, खाटेशी सूनबाई. सिस्टरनं यादी वाचली: बांगड्या, मंगळसूत्र, दात. मी पदराची वाट पाहिली नाही, तसा गाऊनला पदर नसतोच. वरची काढली, खालची काढली आणि हात सूनबाईपुढे केला. डबी घरी राहिली होती. इतकं सगळं करून डबी घरी.

तिची नजर एकदा टेबलावरच्या टिश्यूच्या खोक्याकडे गेली. मी पाहिलं. मग तिनं ओंजळ पुढे केली. तोंड जरासं वाकडं झालं तिचं, ते झालंच. "ओली आहे," ती म्हणाली. मग उजेडाकडे धरून बघायला लागली. "आई, यात तुमचं नाव आहे?"

स्ट्रेचर आलं होतं. मला म्हणायचं होतं, जरा जपून धर.

"ज्यरा ज्यपून धर."

"काय म्हणालात?"

मी पुन्हा म्हणाले. तोच ज आला.